सारवण, फरशी व म्हातारपण

तळेगांव ढमढेरे व शिरूर तालुक्यांतील भोंवतालच्या खेड्यांत भेटीस गेलें असतां दोन प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतात. फरशी कशानें स्वच्छ करावी? व हातपाय थकल्यावर कोणत्या पैशानें दिवस काढावे? दोन्ही प्रश्न घर चालविणारीसच पडतात, म्हणून ते एकत्र घेऊं.

प्रथम जमीन ओळखावी. सारवलेल्या जमिनीवर पाणी ओतूं नये. कोरडें झाडून शेणमातीचा पातळ हात फिरवावा. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. तिजवर संडास धुण्याचें अ‍ॅसिड पडलें कीं फेंस येतो. तो मळ निघाल्याचा नव्हे, दगडच खाल्ला जात असतो. साबणाचें थोडें पाणी, ब्रश, मग दोनदां स्वच्छ पाणी व शेवटीं कोरडें फडकें, एवढें पुरे. साबण मागें राहिला तर पाय घसरतो. अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर तर कधींही एकत्र करूं नये: त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो, आणि बंद न्हाणींत तो प्राणावर बेततो. चकचकीत टाइलची हौस आम्हांस समजते, परंतु घरांत आजीबाई असतील तर न्हाणींत खरबरीतच बसवावी. म्हातारपणीं खुब्याचें हाड मोडलें म्हणजे जन्माची पुंजी एका खाटेवर संपते.

आतां त्या पुंजीविषयीं. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगांव येथील कारखान्यांत जाणाऱ्या मुलांचा भविष्यनिर्वाह निधि कापला जातो. नोकरी बदलली कीं तो काढून मोटारसायकल घेण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. निधि नव्या नोकरीकडे नेला तर सेवेचीं वर्षें जोडलीं जातात, व एकूण १० वर्षें भरल्यास ५८व्या वर्षापासून दरमहा पेन्शन मिळतें. पेन्शनचा भागही काढून घेतला कीं गणना पुनः पहिल्यापासून.

पण दुसऱ्यांच्या फरश्या पुसणाऱ्या बाईस निधि कोण देणार? तिजसाठीं २०१५ सालीं सुरू झालेली अटल पेन्शन योजना आहे. वय १८ ते ४०, बँकेंत किंवा पोस्टांत बचत खातें, आणि प्राप्तिकर भरणारी नसावी, इतकेंच लागतें. ६०व्या वर्षापासून दरमहा १००० ते ५००० रुपये मिळतात. तिच्या पश्चात् नवऱ्यास तितकेच, व दोघांनंतर जमा रक्कम वारसास. ५००० रुपयांसाठीं १८व्या वर्षीं आरंभ केल्यास महिना २१० रुपये भरावे लागतात, ४०व्या वर्षीं केल्यास १४५४. आणखी तीस वर्षांनीं ५००० रुपयांत काय येईल, हें बाजार करणारीस सांगणें नको. म्हणून जोडीस दुसरी कांहीं बचतही असावी. चाळिशी उलटलेलीनें पोस्टांत आवर्ती ठेवीचें खातें काढावें. तें दरमहा १०० रुपयांपासून पांच वर्षांचें असतें. ज्यांस कोणताच आधार नाहीं अशा ६५ वर्षांवरील वृद्धांनीं श्रावणबाळ योजनेविषयीं शिरूरच्या तहसील कचेरींत विचारावें.

खातें बाईच्या स्वतःच्या नांवावर असावें. आणि अंगठा उठविण्यापूर्वीं वारसाचें नांव कागदावर लिहिलें आहे कीं नाहीं, हें तिनें कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावें.