पेल्यातील पांढरा धागा

[माणसांप्रमाणे पिकांनाही रोग होतात. ते रोग कशामुळे होतात, कसे पसरतात आणि ते रोखण्यासाठी शेतकऱ्याला काय सोसावे लागते, हे या पाठात मॉरिशसमधील एका मुलीने आपल्या घरच्या अनुभवातून सांगितले आहे.]

आमचे गाव वाक्वाजवळ आहे. गावाच्या एका बाजूला उसाचे मळे आहेत आणि दुसऱ्या बाजूला भाजीपाल्याची लहान लहान शेते. माझ्या आजोबांनी तीस वर्षे उसाच्या मळ्यात काम केले. आता ते घरच्या शेतात भाजी पिकवतात. हिवाळ्यात बटाटा आणि उन्हाळ्यात टोमॅटो, असा त्यांचा नेम होता. टोमॅटोला आमच्याकडे सगळे ‘पोम दामूर’ म्हणतात. मराठीत बोलतानाही आजीच्या तोंडी तोच शब्द येतो.

मागच्या फेब्रुवारी महिन्यात सलग चार दिवस पाऊस पडला. पाचव्या दिवशी कडक ऊन पडले. दुपारी मी आजोबांना चहा घेऊन शेतावर गेले. पाहते तो काय, टोमॅटोच्या एका ओळीतील सात-आठ झाडांनी माना टाकल्या होत्या! पाने पिवळी पडली नव्हती. ती हिरवीच होती, पण उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती.

“ऊन लागले असेल,” असे म्हणून आजोबांनी झाडांना पाणी घातले. संध्याकाळी झाडे पुन्हा ताठ उभी राहिली. आम्हांला हायसे वाटले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा झाडे माना टाकून बसली. तिसऱ्या दिवशी पहिली सात-आठ झाडे मरून गेली. आजोबा जितके पाणी घालत, तितकी पुढची झाडे सुकत.

बाबा म्हणाले, “आता कृषी अधिकाऱ्यांनाच बोलावू या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी बाई आल्या. त्यांनी झाडे पाहिली, माती पाहिली. मग मला म्हणाल्या, “बाळ, काचेचा एक पेला स्वच्छ पाण्याने भरून आण.”

मी पेला आणला. बाईंनी सुकलेल्या झाडाचे खोड जमिनीच्या थोडे वर कापले. बोटाएवढा तुकडा घेऊन त्याचे खालचे टोक पाण्यात बुडेल असा तो पेल्यात धरला. “हलू नका आणि पाहत राहा,” त्या म्हणाल्या.

दोन-तीन मिनिटे गेली. मग खोडाच्या कापलेल्या टोकातून एक पांढरा धागा पाण्यात उतरू लागला. दुधाची बारीक धार सोडावी तसा तो धागा सरळ खाली जात होता. थोड्या वेळाने पेल्यातील पाणी गढूळ झाले.

“हे काय आहे?” मी विचारले.

“हे जीवाणू आहेत,” बाई म्हणाल्या. “एका धाग्यात लाखो असतील. ते इतके लहान असतात की एका मिलिमीटरच्या जागेत काही शे जीवाणू एका ओळीत मावतात. या जीवाणूचे नाव राल्स्टोनिया. तो मातीत राहतो. मुळाला कोठे जखम झाली, कुदळीचा घाव लागला, की तेथून तो आत शिरतो. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांत तो वाढतो आणि चिकट पदार्थ तयार करतो. नळ्या तुंबल्या की मुळाशी पाणी असूनही ते पानांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून भर पावसाळ्यात झाड तहानेने मरते. याला मर रोग म्हणतात.”

आजोबांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे मी पाणी घालत होतो ते फुकटच!”

“फुकट असते तरी बरे होते,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “ओळीतून वाहणाऱ्या पाण्याबरोबर जीवाणू एका झाडाकडून दुसऱ्याकडे गेले.”

बाबांनी विचारले, “मग काही फवारता येणार नाही का? पाने करपतात तेव्हा आम्ही फवारणी करतोच की.”

“तो रोग निराळा,” बाईंनी समजावले. “पानांवर डाग पडतात, करपा येतो, तांबेरा येतो, ते रोग बहुधा बुरशीमुळे किंवा बुरशीसारख्या जिवांमुळे होतात. बुरशीचे बीजाणू धुळीसारखे वाऱ्यावर उडतात आणि ओल्या पानावर पडून रुजतात. जीवाणूला आत शिरायला जखमेचे किंवा एखाद्या छिद्राचे दार लागते. बुरशी पुष्कळदा दार फोडून आत जाते. पण ती आत जाण्यापूर्वी पानावर औषध असले, तर तिचा बीजाणू तेथेच मरतो. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात द्राक्षांच्या मळेवाल्यांनी चोरांना भीती वाटावी म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. त्या वेलींवर रोग कमी आला, हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली ते मिश्रण जाहीर केले. तेच बोर्डो मिश्रण. परंतु हा मर रोग मुळातून येतो आणि नळ्यांत लपून बसतो. तेथे फवारा पोहोचत नाही.”

“मग उपाय?”

“रोगट झाडे मुळासकट उपटा आणि शेताबाहेर नेऊन जाळा. अवजारे धुऊन जंतुनाशकाने पुसा. या जमिनीत निदान काही वर्षे टोमॅटो, बटाटा, वांगे, मिरची लावू नका. हा जीवाणू या सगळ्यांना धरतो. मका लावा.” मग त्यांनी विचारले, “हिवाळ्यात येथे काय होते?”

“बटाटा,” आजोबा म्हणाले. क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, “त्यातलीही चार-पाच झाडे सुकली होती. मी लक्ष दिले नाही.”

बटाट्याच्या वीस पेट्या आमच्या पडवीत होत्या. आजोबांनी त्या बेण्यासाठी राखून ठेवल्या होत्या. त्यांतल्या पंधरा पेट्या शेजारचे काका एप्रिलमध्ये लावणार होते. त्यांनी पैसेही आगाऊ दिले होते आणि त्या पैशांतून आमच्या घराचे छप्पर दुरुस्त झाले होते.

बाईंनी एका पेटीतील बटाटे कापून पाहिले. पहिले तीन स्वच्छ निघाले. चौथ्यात सालीच्या आत तपकिरी कडे दिसत होते. ते दाबताच त्यातून पांढुरका चिकट थेंब बाहेर आला.

“बाहेरून तर चांगला दिसत होता,” आजी म्हणाली.

“तेच तर अवघड आहे, आजी. कधी कधी असे कडेही दिसत नाही आणि तरी जीवाणू आत असतो. असा बटाटा माणसाने खाल्ला तर काही होत नाही. निवडून, शिजवून खा. पण साली शेतात टाकू नका आणि बेणे म्हणून एकही बटाटा वापरू नका.”

त्या रात्री घरात फारसे कोणी बोलले नाही. शेवटी आई म्हणाली, “पैसे परत कोठून द्यायचे? सगळेच बटाटे काही रोगट नाहीत. चांगले निवडून दिले तर?” आजोबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आमच्या विज्ञानाच्या गुरुजींना पेल्यातील धाग्याची हकिकत सांगितली. गुरुजींनी तो तास बटाट्यालाच दिला. ते म्हणाले, “आयर्लंडमधील गरीब लोक एके काळी बटाट्यावरच जगत. बहुतेक जण ‘लंपर’ नावाची एकच जात लावत. १८४५ साली तेथे बटाट्यावर करपा आला. पाने काळी पडली, जमिनीतले बटाटे कुजले. उपासमारीत आणि तिच्यामागून आलेल्या आजारांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. कोणी म्हणे हवा बिघडली, कोणी म्हणे देवाचा कोप झाला. झाडावर दिसणारी बुरशी हे रोगाचे कारण आहे, असे फार थोडे लोक म्हणत. पुढे १८६१ साली आन्टोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने ते प्रयोगाने सिद्ध केले. आजचे शास्त्रज्ञ त्या जिवाला खरी बुरशी मानत नाहीत, तिच्यासारखा दिसणारा वेगळ्या कुळातला जीव मानतात. हा रोग वाऱ्याने पसरतो. पण एका हंगामातून दुसऱ्या हंगामात तो जातो कसा, ठाऊक आहे? शेतात राहिलेल्या आणि बेण्यासाठी ठेवलेल्या रोगट बटाट्यांतून.”

संध्याकाळी मी हे सारे आजोबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाळ, उसाचेही असेच आहे. ऊस तोडला की त्याच बुडख्यातून खोडवा फुटतो. तो आपण वर्षानुवर्षे ठेवतो. उसाला एक खुजेपणाचा रोग होतो. वरून काही दिसत नाही, ऊस नुसता आखूड आणि बारीक राहतो. तोही जीवाणूच. रोगी ऊस कापलेल्या कोयत्याने निरोगी ऊस कापला की रोग त्याला लागतो. म्हणून बेण्याचा ऊस पन्नास अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात दोन तास बुडवून ठेवत. पाणी जास्त तापले तर डोळे मरतात, कमी तापले तर जीवाणू जगतात. आम्ही हसून म्हणत असू, उसाला आंघोळ घातली!”

“आणि काळा चाबूक?” मी विचारले. तो मी मळ्याच्या कडेला पाहिला होता.

“ती काणी. ती बुरशी. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक निघतो. त्यावरची काजळी म्हणजे तिचे बीजाणू. असे बेट दिसले की चाबकावर पिशवी घालून हळूच काढायचे आणि सगळे बेट खणून जाळायचे. नुसते हलवले तरी काजळी सगळ्या मळ्यात उडते. रेद्वी येथे १९५३ साली ऊस संशोधन संस्था निघाली. तेथील शास्त्रज्ञ रोगाला दाद न देणाऱ्या जाती शोधत आले आहेत. पण जात कितीही चांगली असली तरी कोयता घाण असेल तर काय उपयोग?”

एवढे बोलून आजोबा उठले. त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, “चल, काकांकडे जाऊन येऊ.”

काकांच्या अंगणात आजोबांनी सगळे सांगितले. काका आधी रागावले. “दादा, मी जमीन नांगरून ठेवली आहे! आता ऐन वेळी बेणे कोठून आणू? तुमचे बटाटे मी पाहिले आहेत. एकही कुजका नाही. मला चालतील.”

“तुला चालतील, पण मला चालणार नाहीत,” आजोबा म्हणाले. “वारा आणील त्या रोगाला मी अडवू शकत नाही. पण हा रोग माझ्या हाताने तुझ्या शेतात गेला, तर तुझी जमीन वर्षानुवर्षे बिघडेल. पैसे मी दर महिन्याला थोडे थोडे परत करीन.”

काका गप्प झाले. त्यांनी आत जाऊन पाणी आणले. निरोप घेताना ते म्हणाले, “पैशांची घाई नाही, दादा.”

त्या वर्षी आम्ही बटाटे निवडून खाण्यासाठी विकले. भाव कमी मिळाला. काकांनी तपासलेले बेणे विकत आणले. ते महाग पडले. छपराचे पैसे फिटायला आजोबांना आठ महिने लागले.

आता आमच्या त्या शेतात मका उभा आहे. फाटकाजवळ जंतुनाशकाची एक बादली असते. शेतात शिरताना आणि बाहेर पडताना आजोबा कुदळ त्यात बुडवतात, बुटांची माती खरवडून धुतात. काकांनीही आपल्या फाटकाजवळ तशीच बादली ठेवली आहे. तो काचेचा पेला मात्र आजीने धुऊन फळीवर ठेवला आहे. गावात कोणाचे टोमॅटोचे झाड सुकले, की लोक तो मागायला आमच्या घरी येतात.

शब्दार्थ

नेम – ठरलेली पद्धत.
हायसे वाटणे – काळजी दूर होऊन बरे वाटणे.
बीजाणू – ज्यापासून नवी बुरशी वाढते असा अतिसूक्ष्म कण.
मोरचूद – तांब्यापासून तयार होणारा निळा क्षार.
बेणे – लागवडीसाठी राखलेला बटाटा, ऊस इत्यादी.
खोडवा – ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यापासून पुन्हा आलेले पीक.
बेट – एका बुडख्यातून फुटलेल्या उसांचा समूह.
डोळा – उसाच्या पेरावरील कोंब फुटण्याची जागा.
दाद न देणे – बळी न पडणे, न जुमानणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेल्यातील पांढरा धागा कशाचा होता?
(आ) मर रोगाचा जीवाणू मुळात कोठून शिरतो?
(इ) उसाचे बेणे किती तापमानाच्या पाण्यात आणि किती वेळ बुडवत?

२. कारणे लिहा.
(अ) मुळाशी पाणी असूनही टोमॅटोची झाडे सुकली.
(आ) बोर्डो मिश्रणाचा मर रोगावर उपयोग होत नाही.
(इ) काणीचा चाबूक पिशवी घालून काढावा लागतो.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जीवाणू आणि बुरशी यांच्या पसरण्याच्या रीतींत कोणता फरक आहे?
(आ) “चांगले निवडून दिले तर?” या आईच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? का?

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
माना टाकणे, कपाळाला हात लावणे, हायसे वाटणे.

५. उपक्रम
तुमच्या घराजवळच्या शेतकऱ्याला किंवा बागेत काम करणाऱ्या माणसाला भेटा. तो आपली अवजारे कशी व केव्हा स्वच्छ करतो, हे विचारून दहा ओळी लिहा.