विझत्या प्रकाशाचा माग

दिवा मालवला तरी त्याची वात क्षणभर तांबूस दिसत राहते आणि दिवा कोठे होता हे अंधारातही कळते. आकाशातील एका मोठ्या कोड्याचा उलगडा अशाच विझत्या प्रकाशाने झाला.

१९६७ साली अमेरिकेचे ‘वेला’ नावाचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत होते. कोणी चोरून अणुस्फोट करीत नाही ना, यावर पहारा ठेवणे हे त्यांचे काम. त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. परंतु तो पृथ्वीवरून नव्हे, तर दूर अवकाशातून आला होता! गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची शक्ती अतिशय प्रखर असते. पुढे असे अनेक झोत आढळले. ते थोड्याच वेळात नाहीसे होत आणि त्यांचे नेमके स्थान कळत नसे. म्हणून ते आपल्या आकाशगंगेतील की तिच्या फार पलीकडील, हा वाद जवळजवळ तीस वर्षे मिटला नाही.

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी मृग नक्षत्राच्या दिशेने असाच एक झोत आला आणि सुमारे ऐंशी सेकंदांत मावळला. इटली व नेदरलंड्स या देशांच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने तो टिपला आणि त्याची जागा बरीचशी निश्चित केली. लगेच यान व्हान पारादाइस यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिक महासागरातील ला पाल्मा बेटावरील मोठ्या दुर्बिणीतून त्या जागेचे छायाचित्र घेतले. तेव्हा स्फोटाला सुमारे एकवीस तास झाले होते.

त्या चित्रात अनेक प्रकाशबिंदू होते. त्यांतील हवा तो बिंदू कोणता? ८ मार्चला पुन्हा छायाचित्रे घेतली व ती पहिल्याशी ताडून पाहिली. इतर बिंदू होते तसेच होते. एक तेवढा दिसेनासा झाला होता. त्याचे मावळणे हीच त्याची ओळख ठरली!

स्फोटातून प्रचंड वेगाने बाहेर पडलेले द्रव्य भोवतालच्या विरळ वायूवर आदळते. त्यातून प्रकाश निघतो आणि द्रव्याचा वेग मंदावत जातो, तसा तो प्रकाशही मंदावतो. यालाच ‘पश्चात्‌दीप्ती’ म्हणतात.

त्याच वर्षी ८ मे रोजी दिसलेल्या दुसऱ्या स्फोटाच्या पश्चात्‌दीप्तीचे हवाई बेटावरील केक दुर्बिणीने पृथक्करण केले. तो प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे ७०० कोटी वर्षे लागली होती. तो निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती! हे स्फोट आकाशगंगेच्या फार पलीकडे होतात, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

विझता प्रकाश कोणासाठी थांबत नाही. ज्यांनी त्या रात्रीच दुर्बीण वळवली आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहण्याचा कंटाळा केला नाही, त्यांनाच तो सापडला.

प्रश्न
१. वेला उपग्रहांचे मूळ काम कोणते होते?
२. एकच छायाचित्र घेऊन भागले असते काय? कारण सांगा.
३. ‘त्याचे मावळणे हीच त्याची ओळख ठरली’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.