खालचे तीन फूट



भाचीबाई, तुझ्या नव्या घराचे फोटो मावशीने दोनदा पाहिले. हॉलला मोतिया रंग, शोकेसमध्ये काचेच्या हंसांची जोडी, कोपऱ्यात उंच फ्लॉवरपॉट आणि खाली तुझा प्रश्न, "कसं दिसतंय?" दिसतंय छानच. पण या घरात चार वर्षांचा एक दांडगोबा आणि दहा महिन्यांची एक रांगती पोर राहते, हे फोटो बघून कुणाला खरं वाटणार नाही. सगळी सजावट उभ्या माणसाच्या नजरेला धरून केलेली. रांगणारीच्या वाट्याला काय आलं? सोफ्याचे पाय, टीव्हीच्या लोंबत्या वायरी आणि फरशी.

आधी रंगाचं बघू. तुझ्यासारख्या केमच्या सुनेला रंगाबद्दल सांगणं म्हणजे पंढरपूरकराला टाळ कसे धरायचे ते सांगणं. करमाळा तालुक्यातलं, कुर्डुवाडी-दौंड रेल्वेवरचं हे गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं. बारीक भुकटी कुठवर पोचते हे तिथल्या माणसांना वेगळं शिकवावं लागत नाही. कुंकू आणि शेंदूर यांतला फरकही तुझ्या सासूबाईंना पाठ असेल. जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे हळद. टाकणखार किंवा चुन्यासारखा खार मिळाला की पिवळी हळद लाल होते. शेंदूर मात्र मुळात शिशाचा. दोन्ही देव्हाऱ्यातच असतात, पण एक हळदीची लेक आणि दुसरी शिशाची. देव्हारा जमिनीलगत असेल तर शेंदराची डबी आजच वर चढव.

हे शिसंच घराच्या रंगातही असायचं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये मुलं शिशाच्या विषबाधेने आजारी पडत होती. त्याचं मूळ डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांना 1904 साली सापडलं, ते व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांत! उन्हाने रंगाची भुकटी सुटायची, ती मुलांच्या हाताला लागायची आणि हात तोंडात जायचे. पुढे 1922 मध्ये क्वीन्सलँडने कायदा केला आणि घराच्या बाहेरच्या बाजूला, जमिनीपासून चार फुटांच्या आत, तसंच कठड्यांवर, असा रंग लावायला बंदी घातली. मुलाच्या हाताची उंची मोजून केलेला कायदा! मावशीला त्या लोकप्रतिनिधींचं भारी कौतुक वाटतं.

आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 2016 च्या नियमांनी मर्यादा आणली: दहा लाख भागांत 90 भाग. ती 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्यामुळे आता रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाच, आणि सुटा, बिनलेबलचा रंग घेऊ नकोस. खरी काळजी आहे ती जुन्या सामानाची. सासऱ्यांच्या लहानपणीचा तो पाळणा तू घासून, नवा रंग देऊन हॉलमध्ये टांगणार आहेस म्हणे. कल्पना गोड आहे. पण त्यावर रंगाचे किती थर आहेत आणि कोणत्या काळातले, हे कुणी सांगायचं? कोरडा पॉलिशपेपर मारलास तर ती धूळ घरभर होईल, आणि शिशाला सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा घाला असतो. काम करायचंच तर अंगणात, पाणी मारून ओलं करून, मुलं आजोळी असताना. नाहीतर पाळणा माळ्यावरच बरा.

आता भिंतीकडे ये. जुन्या शाळांत आणि दवाखान्यांत भिंतीच्या खालच्या भागाला गडद ऑइलपेंटचा पट्टा असे, कारण डाग तिथेच पडतात हे सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या हॉलची तेवढीच पट्टी, फरशीपासून तीन फूट, मुलांना देऊन टाक. फळ्याचा काळा रंग दे आणि खडू हातात दे. अंगणवाड्यांच्या भिंतींवर असे खालच्या उंचीचे फळे बऱ्याच ठिकाणी दिसतात. मोतिया रंग वरती सुखाने राहील, आणि लेकाला दिवसातून दहा वेळा ओरडायचा तुझा घसाही.

मुलांच्या मापाने विचार करणं काही नवं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे दोघी कोसबादच्या टेकडीवर गेल्या. शिंपले, बिया, खडे, पानं, जे आसपास मिळेल त्यातून त्यांनी मुलांची साधनं उभी केली. त्याआधी, 1907 मध्ये, रोमच्या गरीब वस्तीत माँटेसोरीबाईंनी मुलांच्या मापाच्या खुर्च्या-टेबलं करून घेतली होती. तुझ्या घरात चित्र लावायचंच तर एक तरी फरशीपासून दोन फुटांवर लाव. काचेची फ्रेम नको, कागदच चिकटव. फाटेल. दुसरं लावता येईल.

शिंपले-बियांवरून आठवलं. गुंजेच्या लालकाळ्या बिया काचेच्या वाटीत सुंदर दिसतात, पण विषारी असतात. दारातली पिवळी कण्हेरही तशीच. आणि बॅटरीवर लुकलुकणाऱ्या त्या दिवाळीच्या पणत्या! त्यांच्या पोटात नाण्याएवढी चपटी बॅटरी असते. ती मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू लागते. स्क्रूने बंद होणारी पणतीच घे. आणि कधी गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढायच्या भानगडीत न पडता थेट एक्स-रे असलेला दवाखाना गाठ.

सगळ्यात धोक्याचं मात्र फोटोत सर्वांत देखणं दिसतंय: ड्रॉवरचं उंच कपाट. मुलगा खालचे ड्रॉवर ओढून त्यांच्या पायऱ्या करतो आणि कपाट अंगावर येतं. अमेरिकेत मुलांचे जीव गेल्यावर 2016 मध्ये इकियाने अशी 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली. इलाज मोठा नाही. भिंतीत ड्रिल मारायचं, फिशर ठोकायचा आणि लोखंडी पट्टीने कपाट बांधून टाकायचं. टीव्हीलाही तेच.

मावशी दिवाळीच्या आधी येतेय. फिशर आणि पट्ट्या ती कुर्डुवाडीतून घेईल, तू शेजारून ड्रिल मागून ठेव. तोवर हंसांची जोडी वरच्या कप्प्यात.

तुझी मावशी