सरवा वेचणारे हात

पाठाचे वाचन : लेवीय 19:9-10, रूथ, अध्याय 2
पाठाचा उद्देश : गरजवंतास साह्य करताना त्याचा मान कसा राखावा हे शिकणे.

कापणी झाल्यावर शेतात जी कणसे पडून राहतात त्यांस आपण सरवा म्हणतो. शहरातील माणसास हा शब्द कदाचित समजावून सांगावा लागेल. आपल्या मंडळ्यांत त्याची गरज नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यांनी उन्हातान्हात सरवा वेचून लेकरे वाढविली आहेत.

1. देवाने घालून दिलेला नियम

परमेश्वराने इस्राएल लोकांस आज्ञा केली की, शेताच्या कडेपर्यंत सारे कापून घेऊ नये व पडलेली कणसे गोळा करू नयेत. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावी. ह्यावरून असे दिसते की, शेताची ती कड धन्याच्या मर्जीवर ठेवलेली नाही. ती गरिबाचीच म्हणून देवाने ठरविली आहे. गरिबाने यावे, वेचावे, आणि आपल्या श्रमाचे धान्य पदरात बांधून ताठ मानेने घरी जावे.

रूथ ही मवाबी, विधवा व परकी. ती बवाजाच्या शेतात आली तेव्हा त्याने काय केले ते पाहा. तिला कोणी त्रास देऊ नये अशी गड्यांस ताकीद दिली. गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतले पाणी पिण्याची तिला मोकळीक दिली. जेवणाच्या वेळी कापणाऱ्यांच्या पंगतीस बसविले. पाण्याच्या भांड्याचा व पंगतीचा अर्थ काय, हे आपल्या लोकांस निराळे सांगावयास नको. मग त्याने गड्यांस सांगितले की, पेंढ्यांतून काही मुठी मुद्दाम गळू द्या व तिला धमकावू नका. तिला अधिक मिळाले. पण चारचौघांत तिच्या ओंजळीत कोणी दान टाकले नाही. सायंकाळी तिने झोडून पाहिले तो सुमारे एक एफा सातू भरला, आणि जेवून उरलेले तिने घरी नेऊन सासूस दिले. सकाळी जी घेणारी होती ती संध्याकाळी देणारी झाली. हेच आजच्या पाठाचे मर्म होय.

2. केडगावचे शेत

हा नियम आपल्याच मुलखात कसा पाळला गेला ते पाहावयाचे असल्यास पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती मिशन पाहावे. पंडिता रमाबाईंनी उभारलेले हे काम आजही चालू आहे. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंस भूक ऐकून ठाऊक नव्हती. त्यांचे आईवडील व थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत वारली. त्या व त्यांचे बंधू शेकडो कोस पायी हिंडले. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली व रात्र काढली. पुढे 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस पंडिता म्हणून गौरविले, आणि 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी ती वाळू त्या विसरल्या नाहीत.

11 मार्च 1889 रोजी मुंबईस विधवांसाठी त्यांनी शारदा सदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून केडगावी आधी घेऊन ठेवलेल्या शेतावर त्यांची सोय केली. 1900 साली गुजरातेतील दुष्काळग्रस्तही आले, आणि मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

भुकेने लोळागोळा झालेल्या जिवास प्रथम अन्न, वस्त्र व औषधच द्यावे लागते. पण रमाबाई तेथेच थांबल्या नाहीत. अंगात बळ आल्यावर प्रत्येकीस अक्षर आणि हाताचे काम मिळे : शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. अंध मुलींना रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. ज्यांच्याने काम होणे नव्हते त्या वृद्ध व दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. तेथे कामाचा हिशेब कोणी मागितला नाही. रमाबाईंनी साध्याभोळ्या स्त्रियांसही कळावे म्हणून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. ते काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ते शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले.

आणखी एक गोष्ट सांगतो. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. 1893 साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. पुढे ह्याच बाईंनी कर्वे ह्यांच्या विधवांच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा केली. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. म्हणून शारदा सदनाने त्यांस दिलेले वाया गेले असे कोण म्हणेल?

3. आमच्या हातून घडलेली चूक

हे लिहिताना आम्हांस आमचा एक अपराध आठवतो. आमच्या देखरेखीखालील एका गावी पाऊस गेला होता व वाटण्यासाठी धान्य आले होते. उपासना संपताच आम्ही सर्वांदेखत यादी वाचली व एकेकीस पुढे बोलाविले. एका वृद्ध विधवेने आपला वाटा घेतला, आणि पुढच्या रविवारपासून ती येईनाशी झाली. आम्ही तिला कृतघ्न समजलो. दोन महिन्यांनी तिच्या घरी गेलो तेव्हा तिने गूळपाणी पुढे ठेवले व म्हणाली, “पाळकसाहेब, धान्य चांगलं होतं. पण माझं नाव एवढ्या मोठ्यानं कशाला वाचलंत? सुनेच्या माहेरची माणसं बसली होती.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे मंडळीतील भगिनींनी तिच्याकडे गोधड्या शिवण्यास दिल्या व शिलाई तिच्या घरी पोचती केली. ती पुन्हा उपासनेस येऊ लागली. पण पूर्वी पुढे बसत असे, ती आता दाराशी बसू लागली. ती जखम आमच्या हातची आहे.

4. मंडळीने काय करावे?

पहिले, रोज स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य निराळे ठेवावे. हे गरिबातल्या गरीब घरासही जमते. आणि जो मूठभर देतो तो केवळ घेणारा राहत नाही.

दुसरे, कोणास गरज आहे हे एक वडील व एक वयस्क भगिनी ह्यांनाच ठाऊक असावे. धान्य घरी न्यावे. नाव चारचौघांत घेऊ नये.

तिसरे, ज्याच्याने काम होते त्यास काम व पुरती मजुरी द्यावी. ज्याच्याने होत नाही त्यास न विचारता वाढावे.

चौथे, उपासनेची हजेरी किंवा बाप्तिस्मा हा धान्याचा मोबदला करू नये. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याची भूक सारखीच. भाकरी दाखवून बोलाविलेला मनुष्य भाकरी संपताच जातो, आणि ख्रिस्ताचे नाव मात्र हलके होते.

विचारासाठी प्रश्न

1. बवाजाने रूथेचा मान कोणकोणत्या रीतींनी राखला?
2. कोणास काम द्यावे व कोणास नुसते अन्न द्यावे, हे कसे ठरवावे?
3. आपल्या मंडळीत साह्य घेतल्यामुळे कोणी दाराशी जाऊन बसले आहे काय?

प्रार्थनेचा विषय : आपल्या शेताची कड कोणाची आहे हे आपणांस आठवावे, आणि देताना आपला हात आपल्या भावाच्या मानेवर जड होऊ नये.