साक्षीदार बदलण्यापूर्वी

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना माझ्या पेट्रोल मोटारीचे बळ ओसरू लागले, इंजिनाचा पिवळा दिवा पेटला आणि इंधनाचा खर्च वाढला, तेव्हा अचलपुरातील एका मिस्त्रीने स्कॅनरवर उमटलेला संकेतांक वाचून, अधिक शहानिशा न करता, एक्झॉस्टच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर बदलला; परंतु दिवा पुन्हा पेटला, कारण मूळ दोष सेन्सरच्या अलीकडील सांध्याच्या जळालेल्या पॅकिंगमध्ये होता. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाई, मिश्रणात पेट्रोल कमी आहे अशी खोटी खबर इंजिनाच्या नियंत्रकाकडे पोहोचे आणि तो अधिकाधिक पेट्रोल सोडीत राही. पुढे ती फट साध्या सिलिकॉनने बुजविण्यात आली आणि त्याच्या वाफांनी नवा सेन्सरही निकामी झाला.

सेन्सर हा साक्षीदार आहे. त्याची जबानी प्रतिकूल आली एवढ्यावरून त्यालाच बडतर्फ करणे न्याय्य नव्हे. प्रचलित झिर्कोनिया सेन्सर सुमारे ३५० अंश सेल्सियसला तापल्यावर मिश्रणात पेट्रोल अधिक असल्यास सुमारे ०.९ व्होल्ट आणि हवा अधिक असल्यास सुमारे ०.१ व्होल्ट दाखवितो. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास वजनाने १४.७ भाग हवा, हा त्यांमधील समतोल होय. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाक्यांतही हा सेन्सर आला असल्याने ही खबरदारी आता घरोघरची आहे.

म्हणून प्रथम सांध्यांवरील काजळी, वायरी, फ्यूज आणि व्होल्ट तपासावेत. बदलणे अनिवार्यच ठरले, तर इंजिन कोमट असताना, वायरीसाठी खाच असलेल्या पान्याने जुना सेन्सर सोडवावा. नवा आधी हाताने आट्यांत बसवावा, मग कंपनीच्या पुस्तिकेतील मापानेच आवळावा. आटे जाम न होण्यासाठीचे वंगण नव्या सेन्सरवर बहुधा लावलेलेच असते. नसल्यास ते केवळ आट्यांना लावावे, टोकाला कदापि नाही. वायरीस पीळ देऊ नये आणि ती तप्त नळीपासून दूर बांधावी. नवी जागा वेल्ड करावयाची असल्यास ती नळीच्या वरच्या अंगास, टोक खाली कलेल अशी ठेवावी. अन्यथा थंड नळीत साचणारे पाणी तापलेल्या सिरॅमिकला तडा देते.

संत्र्याच्या हंगामात ज्यांचा चरितार्थ गाडीवर चालतो, त्यांना दुहेरी खर्चाचा हा भुर्दंड विशेष जाचतो. त्यांनी काढलेला भाग मागून घ्यावा आणि तो का बदलला याचे कारण, घेतलेल्या मापांसह, पावतीवर लिहवून घ्यावे.