घटक ७ : डेटाबेसच्या कार्यक्षमतेचे तौलनिक मापन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• मानदंड-चाचणीची संकल्पना व तिचा संक्षिप्त इतिहास सांगता येईल.
• यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर मापन का बदलते, हे स्पष्ट करता येईल.
• कार्यक्षमतेविषयीच्या विधानातील उणिवा ओळखता येतील.
• मराठी मजकुराच्या डेटाबेससाठी चाचणी आखताना घ्यावयाची काळजी सांगता येईल.

७.१ प्रास्ताविक

शब्दकोश, ग्रंथालयाची सूची, वृत्तपत्रांचे दप्तर, बोलींचे नमुने असे भाषेचे साहित्य आज डेटाबेसमध्ये साठवले जाते. अशा प्रकल्पांत भाषेचा पदवीधर संपादक, अनुवादक किंवा समन्वयक म्हणून काम करतो. यंत्रसामग्री खरेदी करताना त्याच्यासमोर एखादे असे विधान येते : ‘या संगणकावर आमचा डेटाबेस सेकंदाला पाच हजार व्यवहार पूर्ण करतो.’

व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य पूर्ण आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. व्यवहार कोणता? नोंदी किती? एका वेळी वापरणारे किती? वीज गेली तर ते पाच हजार व्यवहार शिल्लक राहतील का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत हा आकडा कशाशीही ताडून पाहता येत नाही. कार्यक्षमतेचा आकडा त्याच्या अटींसह वाचावा लागतो, हे या घटकाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

७.२ मानदंड-चाचणी : संकल्पना व इतिहास

निरनिराळ्या यंत्रणांना तेच काम, त्याच अटींवर देऊन त्यांच्या कामगिरीची तुलना करणे म्हणजे मानदंड-चाचणी होय. व्यवहारात तिला ‘बेंचमार्क’ म्हणतात.

१९८३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डिविट, दिना बिटन व कॅरोलिन टर्बीफिल या संशोधकांनी अनेक डेटाबेस प्रणालींची तुलना केली आणि निष्कर्ष प्रणालींच्या नावांनिशी प्रसिद्ध केले. काही उत्पादकांना ते रुचले नाहीत. पुढे अनेक परवान्यांत ‘आमच्या संमतीवाचून चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करू नयेत’ अशी अट आली. ती आजही ‘डिविट कलम’ या नावाने ओळखली जाते. मापनाचा प्रश्न तांत्रिक असतो, तसाच तो माहितीच्या हक्काचाही असतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

१९८५ मध्ये जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डेटामेशन’ या नियतकालिकात, स्वतःची नावे न देता, एक लेख प्रसिद्ध केला. बँकेच्या खात्यात रक्कम जमा करणे वा काढणे हा साधा व्यवहार त्यांनी चाचणीसाठी निवडला. शंभरांपैकी ९५ व्यवहारांना एका सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळावा आणि यंत्रणेची किंमतही जाहीर व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. मात्र उत्पादक आपापल्या सोयीने अटी शिथिल करू लागले. यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये ‘ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल’, म्हणजेच टीपीसी, ही संस्था स्थापन झाली.

टीपीसीने १९९२ मध्ये मान्य केलेली ‘टीपीसी-सी’ ही चाचणी विशेष प्रसिद्ध आहे. तीत घाऊक पुरवठादाराच्या कारभारातील पाच प्रकारचे व्यवहार असतात : नवी मागणी नोंदवणे, पैसे भरणे, मागणीची स्थिती पाहणे, माल पोहोचवणे आणि शिल्लक साठा तपासणे. मिनिटाला किती नव्या मागण्या नोंदल्या गेल्या, हा तिचा मुख्य आकडा. त्याच्या जोडीला यंत्रणेच्या किमतीचा हिशेब, संपूर्ण तपशिलाचा जाहीर अहवाल आणि स्वतंत्र परीक्षकाची तपासणी आवश्यक असते.

७.३ तुलनेचे तत्त्व : एका वेळी एक भेद

स्वनिमविचारात आपण ‘काल’ आणि ‘गाल’ यांसारखी शब्दयुग्मे पाहिली. या दोन शब्दांत केवळ आरंभीच्या ध्वनीचा भेद आहे. म्हणूनच अर्थभेदाचे श्रेय आपण निश्चितपणे त्या ध्वनीला देऊ शकतो. ‘काल’ आणि ‘गोड’ यांच्या तुलनेतून असा निष्कर्ष निघत नाही, कारण तेथे एकाहून अधिक भेद आहेत.

डेटाबेसच्या चाचणीला हेच तत्त्व लागू पडते. एका कार्यालयातील जुना विंडोज संगणक आणि दुसऱ्या कार्यालयातील नवा लिनक्स सर्व्हर यांची तुलना केली आणि दुसरा वेगवान ठरला, तर श्रेय लिनक्सला द्यावे की नव्या प्रोसेसरला, अधिक मेमरीला की वेगळ्या डिस्कला? यासाठी एकाच यंत्रावर दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम आळीपाळीने बसवून मापन करावे. नंतर तीच ऑपरेटिंग सिस्टीम दोन्ही यंत्रांवर पाहावी. अशा चार मापनांतून यंत्राचा परिणाम, ऑपरेटिंग सिस्टीमचा परिणाम आणि दोहोंच्या संयोगाचा परिणाम हे वेगवेगळे दिसू लागतात. डेटाबेसची आवृत्ती, तिला नेमून दिलेली मेमरी, फाइल सिस्टीम, लॅपटॉपची वीजबचत व्यवस्था आणि पार्श्वभूमीवर चालणारा अँटिव्हायरस या बाबीही समान ठेवाव्या लागतात.

येथे आणखी एक सापळा असतो. चाचणी पहिल्यांदा चालवली की माहिती डिस्कवरून वाचली जाते. दुसऱ्यांदा तीच माहिती मेमरीत तयार असते. एका यंत्राचे पहिले मापन आणि दुसऱ्याचे दुसरे मापन यांची तुलना करणे म्हणूनच गैर होय.

पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेससोबत ‘पीजीबेंच’ नावाचे चाचणीचे साधन मिळते. त्यात आकारमान १ ठेवले, तर एक शाखा, दहा रोखपाल आणि एक लाख खाती तयार होतात. हा सारा ऐवज कोणत्याही आजच्या संगणकाच्या मेमरीत सहज मावतो. परिणामी माहिती वाचण्यातील डिस्कच्या वेगाची कसोटी लागतच नाही. शिवाय प्रत्येक व्यवहारात शाखेची शिल्लक बदलावी लागते. शाखा एकच असेल आणि वापरणारे वीस असतील, तर सर्वांना त्या एका नोंदीसाठी रांगेत थांबावे लागते. आपण यंत्र मोजतो आहोत असे वाटते; प्रत्यक्षात मोजली जाते ती रांग.

७.४ वेग आणि टिकाऊपणा

‘व्यवहार पूर्ण झाला’ असे डेटाबेस सांगतो, तेव्हा ते एक वचन असते : यापुढे वीज गेली तरी ही नोंद नाहीशी होणार नाही. हे वचन पाळण्यासाठी नोंद कायमच्या साठ्यावर उतरल्याची खात्री करून घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. ही खात्री वगळली की वेग पुष्कळ वाढतो.

एक सोपे गणित पाहू. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकतीची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एकच वापरणारा एकामागून एक व्यवहार नोंदवत असेल, तर प्रत्येक नोंदीनंतर पुढील जागा फिरून येण्यासाठी साधारण एक फेरा थांबावे लागते. म्हणजे खऱ्या अर्थाने टिकाऊ असे सुमारे १२० व्यवहारच सेकंदाला होऊ शकतात. अशा डिस्कवर एकाच वापरणाऱ्याचे दोन हजार व्यवहार झाल्याचे चाचणी सांगत असेल, तर नोंदी डिस्कवर न पोहोचता वाटेतल्या तात्पुरत्या स्मृतीत थांबल्या आहेत, असे समजावे. त्या स्मृतीला बॅटरीचे संरक्षण असेल तर हरकत नाही; नसेल तर तो वेग उसना आहे. एसएसडीमध्ये फिरती चकती नसल्याने हे गणित तिला लागू होत नाही. वचनाचा प्रश्न मात्र तोच राहतो.

ऑपरेटिंग सिस्टीमचा भेद येथे स्पष्ट दिसतो. ‘एफसिंक’ ही साठवणुकीची आज्ञा मॅकओएसवर माहिती ड्राइव्हकडे पाठवते. परंतु ड्राइव्हच्या अंतर्गत तात्पुरत्या स्मृतीतून ती कायमच्या साठ्यावर उतरल्याची हमी देत नाही. त्या हमीसाठी तेथे वेगळी, अधिक वेळ घेणारी आज्ञा आहे. हा फरक लक्षात न घेता मॅक व लिनक्स यांचे आकडे शेजारी मांडले, तर कमी खात्री देणारी मांडणी अधिक कार्यक्षम ठरण्याचा धोका असतो. म्हणून टिकाऊपणाची पातळी समान केल्यावाचून वेगाची तुलना करू नये.

७.५ सरासरीची मर्यादा

समजा, दहा शोधांपैकी नऊ शोधांना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले आणि दहाव्याला ९१० मिलिसेकंद. सरासरी १०० मिलिसेकंद येते; पण प्रत्यक्षात एकाही शोधाला १०० मिलिसेकंद लागलेले नाहीत! ग्रंथालयाच्या खिडकीवर उभा असलेला वाचक सरासरीचा अनुभव घेत नाही; तो आपल्या शोधाचा अनुभव घेतो. याच कारणास्तव टीपीसी-सी चाचणीत शंभरांपैकी किमान ९० नव्या मागण्यांना पाच सेकंदांच्या आत प्रतिसाद मिळण्याची अट आहे. अहवालात सरासरीसोबत मध्यक आणि ‘९५ टक्के शोध किती वेळात पूर्ण झाले’ हे द्यावे. चाचणी निदान काही मिनिटे चालवावी, ती अनेकदा करावी आणि सर्व मापने नोंदवावीत.

७.६ मराठी मजकुराचा प्रश्न

रोमन लिपीतील मजकुरावर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष मराठी संग्रहाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण आकारमानाचे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. रोमन लिपीत हाच शब्द सात बाइटांत मावतो. त्यामुळे रोमन मजकुराचा जो संग्रह मेमरीत मावतो, तेवढ्याच शब्दांचा मराठी संग्रह कदाचित मावणार नाही.

दुसरे कारण वर्णानुक्रमाचे. केवळ संकेतांकांनुसार लावलेला क्रम सर्वांत जलद असतो. परंतु त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येते. त्यानुसार ‘बल, बळ, बस’ असा क्रम लागतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’चे स्थान ‘ह’नंतर असल्याने ‘बल, बस, बळ’ हा क्रम हवा. भाषेचे नियम पाळून लावलेला क्रम अधिक वेळ घेतो, पण कोशासाठी तोच योग्य होय.

हे नियम अनेकदा ऑपरेटिंग सिस्टीमच पुरवते. त्यामुळे सिस्टीम बदलली की क्रमही बदलू शकतो. लिनक्सवरील ‘जीलिबसी’ या मूलभूत ग्रंथालयाच्या २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले. परिणामी, त्यावर विसंबलेले जुने मजकूर-इंडेक्स डेटाबेसना पुन्हा बांधावे लागले. अन्यथा अस्तित्वात असलेली नोंदही शोधात सापडत नसे. म्हणून आधी उत्तर बरोबर आहे का ते तपासावे, मगच ते किती वेळात मिळाले ते मोजावे.

७.७ सारांश

मानदंड-चाचणी ही नियंत्रित तुलना आहे. एका वेळी एकच घटक बदलला तरच फरकाचे कारण सांगता येते. टिकाऊपणा आणि अचूकता समान नसतील, तर वेगाची तुलना निरर्थक ठरते. चाचणीचे काम आपल्या प्रत्यक्ष कामाशी मिळतेजुळते असावे. मराठी संग्रहासाठी मराठी मजकूरच वापरावा.

पारिभाषिक शब्द

व्यवहार : संपूर्णपणे पार पडणारा किंवा संपूर्णपणे रद्द होणारा क्रियांचा संच.
प्रतिसादकाल : विचारणा केल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा वेळ.
मध्यक : मापने चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य.
इंडेक्स : नोंद त्वरित सापडावी यासाठी क्रमाने लावलेली सूची.

आपली प्रगती तपासा

१. टीपीसी या संस्थेची स्थापना कोणत्या वर्षी झाली?
२. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर एका वापरणाऱ्याचे सेकंदाला साधारण किती टिकाऊ व्यवहार अपेक्षित आहेत?
३. ‘शाळा’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये किती बाइट घेतो?

उत्तरे : १. १९८८. २. सुमारे ९०. ३. श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे असल्याने १२ बाइट.

सरावासाठी स्वाध्याय

१. ‘कार्यक्षमतेचा आकडा त्याच्या अटींसह वाचावा लागतो.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. ‘नव्या संगणकामुळे आमच्या ग्रंथालयाचा शोध तिप्पट जलद झाला’ या वाक्यात कोणती माहिती वगळली आहे, त्याची यादी करा आणि ती माहिती समाविष्ट करून वाक्याचा एक परिच्छेद लिहा.