मेंढ्यांचे जंत : पळसपापडी, खुराक आणि ओली चराई



उसाच्या पानावर मेंढ्यांचा विषय पाहून नवल वाटेल. पण तिवसा भागात प्लॉट पाहायला गेलो की उसाइतकाच हाही प्रश्न निघतो : पोळ्याच्या सुमारास कोकरं का मरतात? चरतात, तरी वाळत जातात.

बहुतेक वेळा कारण असते जठरातला 'हिमॉन्कस' जंत. हा सुतासारखा बारीक जंत चारा खात नाही, रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त ओढतो. म्हणजे पाच हजार जंत असले की रोजचे पाव लिटर रक्त गेले! मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीतून पडलेल्या अंड्यांना ऊब व ओल मिळाली की आठवड्याभरात अळ्या तयार होतात आणि दवाच्या पाण्यातून गवतावर चढतात. ते गवत पोटात गेले की तीन आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू.

पूर्वी आपल्याकडचे वैशाखाचे ऊन या अळ्या मारून टाकी. अप्पर वर्धाचे पाणी आले, आणि कालव्याच्या काठी, उसाच्या पाटांवर उन्हाळ्यातही हिरवळ राहू लागली. मेंढीला ती गोड लागते, जंतालाही तीच मानवते. म्हणून दव सुकल्यावरच कळप सोडावा, पाटाकाठी मुळापर्यंत चारू नये. अळ्या बुडाच्या दोन-तीन बोटांतच जास्त असतात.

आता पळसपापडी. आपल्या आजोबांच्या वेळेपासून ती जंतावर चालत आली आहे, आणि ते खोटे नाही. २००६ साली फैसलाबादच्या संशोधकांनी मेंढ्यांना किलो वजनामागे ३ ग्रॅम बियांची भुकटी दिली, तेव्हा दहाव्या दिवशी लेंडीतील अंडी ७८ टक्क्यांनी घटली. पण हिशेब करून पाहा. पंचवीस किलोच्या मेंढीला ही ७५ ग्रॅम भुकटी झाली, आणि तरी बावीस टक्के अंडी राहिलीच. कडुनिंबाच्या अर्काचेही तसेच. काचेच्या भांड्यात जंत मरतो, मेंढीच्या भरल्या पोटात अर्क पातळ होतो. तेव्हा वनस्पती ही जोड समजावी. गाभण मेंढीला पळसपापडी देऊच नये. जुन्या सवयीने कोणी मोरचुदाचे पाणी पाजत असेल तर तेही बंद करावे. तांबे मेंढीला फार लवकर बाधते.

खालच्या पापणीचा आतला भाग उलटून पाहा. लालसर असेल तर ठीक. पांढरट असेल, किंवा जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल, तर त्या जनावराला झाडपाल्यावर ठेवू नका, डॉक्टरचे औषधच द्या. दक्षिण आफ्रिकेत याच पापणीवरून पाच रंगांचा तक्ता बनवला आहे, आणि फक्त फिक्या जनावरांनाच औषध देतात. आपण मात्र सगळ्या कळपाला दर महिन्याला एकच औषध, तेही अंदाजाने कमी, पाजतो. त्यातूनच औषधाला न जुमानणारे जंत वाढतात.

खरी मदार खुराकावर. रक्त गेले म्हणजे प्रथिने गेली, ती भरून द्यायला नकोत का? विण्याच्या महिनाभर आधी आणि नंतर दीड महिना मेंढीची ताकद ढिली पडते, अंडीही तेव्हा जास्त पडतात. त्या काळात तुरीची चुनी आणि सरकी ढेप मिळून रोज २०० ते २५० ग्रॅम द्यावी. अगदी लहान कोकरांना सरकी नको. बाभळीचा पाला, शेंगा थोड्या द्याव्यात. तुरटपणा जंताला मानवत नाही, पण जास्त झाला तर मेंढीची भूक मरते. आणि हंगामात वाढे फुकट मिळते म्हणून नुसत्या वाढ्यावर कळप ठेवू नका! पोट भरते, प्रथिने जेमतेम, शिवाय त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून नेते. सोबत हरभऱ्याचे किंवा तुरीचे कुटार हवेच.

औषध देण्याआधी ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात द्याव्यात व अंडी मोजून घ्यावीत. दहा ते चौदा दिवसांनी दुसरा नमुना न्यावा. अंडी तेवढीच असतील तर मात्रा वाढवत न बसता डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावे.